फुप्फुसातील संयमी पहारेकरी

भुसार मालाच्या गोदामात सकाळच्या वेळी पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आत येते आणि तेवढ्या तिरिपीपुरते हवेतले सारे काही उघडे पडते. पोती उतरवताना उडालेली माती, धान्याचा कोंडा, बारदानाचे तंतू, किडलेल्या दाण्यांचे पीठ असे असंख्य कण त्या प्रकाशात तरंगताना दिसतात. ऊन सरकले की ते दिसेनासे होतात आणि हवा स्वच्छ वाटू लागते. संध्याकाळी दुकान वाढवण्यापूर्वी नोकर गादीवरची व वह्यांवरची धूळ झटकून टाकतो. त्याच गोदामात दिवसभर श्वास घेतलेल्या माणसांच्या छातीत जी धूळ गेली, ती झटकण्याचा विचार मात्र कोणाच्या मनात येत नाही. तरीही चाळीस-पन्नास वर्षे अडतीच्या व्यवसायात काढलेले कितीतरी गृहस्थ सत्तरीतही न थांबता जिना चढतात. याचा अर्थ, आत कोणीतरी रोजची झाडलोट इमानाने करीत आलेले असते.

हे काम करणाऱ्या पेशींना वैद्यकशास्त्रात मॅक्रोफेज म्हणतात. मराठीत त्यांना महाभक्षक पेशी म्हणता येईल. शरीराच्या उपजत प्रतिकारव्यवस्थेतील त्या अगदी पुढच्या फळीतल्या पेशी होत. प्रतिकारशक्ती म्हटले की शत्रूवर तुटून पडणारे सैन्य डोळ्यांसमोर येते आणि ते जितके आक्रमक तितके चांगले, अशी समजूत होते. प्रतिकारशक्ती ‘वाढवणाऱ्या’ चूर्ण-गोळ्यांचा बाजार याच समजुतीवर उभा आहे. फुप्फुसाचा अभ्यास वेगळी गोष्ट सांगतो. फुप्फुस निरोगी राहते ते मोठ्या प्रमाणावर तेथील पहारेकऱ्यांच्या संयमामुळे. आणि त्याचे अनेक दीर्घ आजार हा संयम सुटल्याचे, किंवा तो सुटावा अशी परिस्थिती वर्षानुवर्षे लादल्याचे परिणाम असतात.

हजार चौरस फुटांची जागा

प्रौढ मनुष्य दिवसाकाठी सुमारे २० हजार वेळा श्वास घेतो. तेवढ्यात पाण्याचा एक मोठा टँकर भरेल एवढी, म्हणजे अंदाजे १० हजार लिटर हवा त्याच्या फुप्फुसातून जाते-येते. श्वासनळीला फांद्या फुटत जातात आणि त्यांचा शेवट वायुकोशांच्या घोसांत होतो. या इवल्या फुग्यांची संख्या सरासरी ४८ कोटींच्या घरात आहे. ते सारे उलगडून जमिनीवर पसरता आले, तर हजार चौरस फुटांच्या आसपास जागा व्यापतील. त्वचेचे एकूण क्षेत्रफळ याच्या पंचमांशही भरत नाही. शिवाय त्वचा जाड असते. वायुकोशातील हवा आणि पलीकडचे रक्त यांच्यामधला पडदा मात्र एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्राणवायू सहज पलीकडे जावा म्हणून हा पडदा इतका तलम ठेवलेला आहे, आणि म्हणूनच बाहेरच्या जगासमोर शरीराची एवढी नाजूक बाजू दुसरीकडे कोठे क्वचितच उघडी असेल.

या मार्गावर चाळण्या बसवलेल्या आहेत. सुमारे १० मायक्रॉनहून मोठे कण बहुतांशी नाकात व घशात अडकतात. त्याहून लहान कण श्वासनलिकांच्या आतील चिकट श्लेष्मात रुततात, आणि तेथील पेशींवरचे सूक्ष्म केस, ज्यांना रोमक म्हणतात, ते हा श्लेष्मा सतत वर घशाकडे ढकलत राहतात. खाकरून बाहेर पडणारा कफ हा त्याच कामाचा भाग. परंतु दोन-तीन मायक्रॉनहून सूक्ष्म कण या दोन्ही चाळण्यांतून निसटून थेट वायुकोशात पोहोचतात. तेथे रोमक नाहीत आणि श्लेष्माही नाही. तो असता तर प्राणवायूचीच वाट अडली असती. या शेवटच्या, सर्वांत नाजूक जागेत जे काही करायचे ते महाभक्षक पेशीला करावे लागते.

मेसिनातील काटा

अशा पेशी असतात आणि त्या परक्या वस्तूला गिळतात, ही गोष्ट प्रथम ठामपणे मांडली ती एल्या मेचनिकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने. सन १८८२ च्या अखेरीस तो सिसिली बेटावरील मेसिना येथे कुटुंबासह राहत होता. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहण्यास गेली असता तो एकटाच सूक्ष्मदर्शकापाशी बसून तारामाशाच्या पारदर्शक अळ्या पाहत होता. त्यांच्या शरीरात हिंडणाऱ्या पेशी पाहता पाहता त्याच्या मनात आले, की या पेशी शरीरात घुसलेल्या वस्तूचा प्रतिकार करीत असतील, तर टोचलेल्या काट्याभोवती त्यांनी गोळा व्हायला हवे. त्याने अंगणातील गुलाबाचे काटे आणून अळीच्या त्वचेखाली खुपसले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिले, तो काट्याभोवती त्या पेशींची गर्दी झालेली होती.

या साध्या प्रयोगातून भक्षकपेशींचा सिद्धांत जन्माला आला. पुढे १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि पॉल एर्लिश यांना विभागून देण्यात आले. एर्लिश यांचा भर रक्तातील प्रतिद्रव्यांवर होता, मेचनिकॉव्ह यांचा पेशींवर. दोघेही बरोबर होते, कारण प्रतिकाराची मिळकत दोन प्रकारची असते. व्यापारी कुटुंबांना हा भेद चटकन समजेल. उपजत प्रतिकारशक्ती ही वडिलोपार्जित मिळकत होय. ती जन्मतः मिळते, कोणताही विशिष्ट शत्रू ओळखण्याचे शिक्षण तिला लागत नाही आणि ती काही मिनिटांत किंवा तासांत कामाला लागते. दुसरी शक्ती स्वकष्टार्जित. एखादा रोग होऊन गेल्यावर किंवा लस घेतल्यावर त्या विशिष्ट जंतूविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात, त्यास दिवस-आठवडे लागतात, पण त्याची आठवण दीर्घकाळ टिकते. महाभक्षक पेशी पहिल्या मिळकतीतली.

वायुकोशातील या पेशींची आणखी एक हकीकत अलीकडच्या काळात उलगडली. पूर्वी असे मानले जाई, की त्या अस्थिमज्जेत जन्मतात आणि रक्तातून वाहत वाहत फुप्फुसात येऊन नोकरीस लागतात. २०१३ च्या सुमारास उंदरांवर झालेल्या संशोधनातून दिसून आले, की त्यांचे पूर्वज जन्माआधीच फुप्फुसात येऊन दाखल होतात, जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत तयार होतात आणि पुढे तेथेच आपली संख्या राखून राहतात. म्हणजे बदलीवर येणारे हे नोकर नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाड्यात राहिलेले हे घरचे लोक आहेत. घर ओळखीचे असल्यामुळे कशाकडे लक्ष द्यावे आणि कशाचा गाजावाजा करू नये, हे त्यांना समजते.

गाजावाजा न करणारा नोकर

महाभक्षक पेशी वायुकोशाच्या भिंतीवरून हळूहळू सरपटत असते. वाटेत काजळीचा कण, परागकणाचा तुकडा, बुरशीचे बीज किंवा एखादा जिवाणू आढळला, की ती त्याला वेढून आत ओढते आणि पाचक रसांनी त्याचे विघटन करते. वायुकोश मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांच्या आतून सर्फॅक्टंट नावाच्या स्निग्ध द्रव्याचा थर असतो. जुना झालेला थर गिळून साफ करण्याचे कामही बरेचसे तिचेच. ते थांबले की काय होते, याचे उदाहरण एका दुर्मीळ आजारात दिसते. त्यात महाभक्षक पेशींना कामास लावणाऱ्या संदेशद्रव्यालाच शरीर निकामी करते, सर्फॅक्टंट साचत जाते, आणि कोणत्याही जंतूविना वायुकोश भरून जाऊन माणसाला धाप लागते. अशा रुग्णाचे फुप्फुस खारट पाण्याने धुऊन काढावे लागते. जे काम ही पेशी न सांगता करते, त्यासाठी भूल देऊन लिटरच्या लिटर पाणी आत-बाहेर करावे लागते.

परंतु तिचा खरा मोठेपणा २०२० मध्ये कॅनडातील कॅलगरी विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिला. त्यांनी जिवंत उंदराच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाने पाहून या पेशींच्या हालचाली टिपल्या. एकाच महाभक्षक पेशीकडे अनेक वायुकोशांची देखरेख असते. मधल्या बारीक छिद्रांतून ती एका वायुकोशातून दुसऱ्यात जाते आणि आत आलेल्या जिवाणूला इतरांना कळण्यापूर्वीच गिळून टाकते. इतरांना कळण्यापूर्वी, हे येथे महत्त्वाचे. ती धोक्याची घंटा वाजवत नाही, कुमक मागवत नाही. श्वासागणिक काही ना काही आत येणाऱ्या या जागेत प्रत्येक कणासाठी घंटा वाजू लागली, तर रक्तातील सैनिकपेशी क्षणोक्षणी वायुकोशात घुसतील आणि हवेची जागा द्रवाने भरेल. जुन्या पेढीवरचा जाणता दिवाणजी किरकोळ उधारी-उसनवारीचे तंटे शेठजींच्या कानावर न घालता बाहेरच्या बाहेर मिटवतो, तसेच हे आहे.

याच अभ्यासात पुढे असे दिसले, की इन्फ्लुएंझाच्या विषाणूचा संसर्ग झाल्यावर या पेशींची ही गस्त मंदावते. मग जिवाणू गिळले जात नाहीत, घंटा वाजते आणि सैनिकपेशींचे लोंढे येतात. फ्लूनंतर न्यूमोनिया का बळावतो, याचे एक उत्तर येथे आहे. १९१८ साली मुंबई बंदरातून शिरून देशभर पसरलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्या जागतिक साथीतील बहुसंख्य मृत्यू फ्लूच्या पाठोपाठ आलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाले, असे त्या काळी जतन केलेल्या ऊतींच्या फेरतपासणीवरून दिसून आले आहे. जुन्या कुटुंबांत ‘मानमोडी’ या नावाने त्या साथीच्या आठवणी पुढच्या पिढ्यांना सांगितल्या गेल्या.

जमा आणि नावे

घंटा वाजल्यावर धावून येणाऱ्या सैनिकपेशींत संख्येने सर्वाधिक असतात त्या न्यूट्रोफिल. अस्थिमज्जा दररोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते. त्या अल्पायुषी, चपळ आणि विलक्षण उपयुक्त असतात. त्यांच्याविना माणूस साध्या जिवाणूलाही बळी पडेल. परंतु त्यांचे एक शस्त्र दुधारी आहे. त्यांच्याजवळील इलॅस्टेज नावाचे विकर जंतूंबरोबरच फुप्फुसाची लवचीकताही कापते. श्वास घेताना वायुकोश फुगतो आणि सोडताना आपोआप आक्रसतो, तो इलॅस्टिन नावाच्या तंतूंमुळे, आणि इलॅस्टेज नेमके याच तंतूंना तोडते.

निसर्गाने यावर तोड योजलेली आहे. यकृतात तयार होणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचे प्रथिन रक्तातून फुप्फुसात येऊन या विकराला आवर घालते. हे कसे कळले, तेही ऐकण्यासारखे आहे. १९६३ साली स्वीडनमधील माल्मो येथे कार्ल-बर्टिल लॉरेल आणि स्टेन एरिक्सन हे दोघे सुमारे १५०० रक्तनमुन्यांतील प्रथिनांच्या पट्ट्या तपासत होते. पाच नमुन्यांत एक ठरावीक पट्टी जवळजवळ नव्हतीच. त्या पाच जणांची चौकशी केली, तो तिघांना ऐन उमेदीच्या वयातच एम्फिसीमा झालेला आढळला. या विकारात वायुकोशांच्या भिंती मोडून त्यांची मोठी, ढिली पोकळी बनते आणि श्वास आत गेला तरी बाहेर नीट पडत नाही. ताळेबंदातील एक रक्कम गायब होती, आणि तिच्या शोधातून एका मोठ्या आजाराचे कारण हाती लागले.

तेव्हापासून फुप्फुसाच्या आरोग्याकडे जमा आणि नावे अशा दोन बाजूंनी पाहण्याची दृष्टी आली. एका बाजूला इलॅस्टेजसारखी तोडणारी द्रव्ये, दुसऱ्या बाजूला त्यांना आवरणारी. दोन्ही बाजू जुळत राहिल्या तर फुप्फुस ऐंशी वर्षे टिकते. सिगारेट व विडीचा धूर मात्र एकाच वेळी दोन्ही बाजूंनी खाते बिघडवतो. धुरामुळे महाभक्षक पेशींची संख्या कितीतरी पटींनी वाढते, त्या काजळीने तपकिरी-काळ्या होतात, त्यांचा संयम सुटतो आणि त्या न्यूट्रोफिलांना सारख्या हाका मारू लागतात. दुसरीकडे तोच धूर अल्फा-१ अँटिट्रिप्सिनच्या रेणूत बिघाड करून त्याचा आवर ढिला करतो. खर्च वाढला आणि उत्पन्न आटले, तर पेढीचे जे होते तेच फुप्फुसाचे होते. फक्त येथे दिवाळे निघायला वीस-पंचवीस वर्षे लागतात, म्हणून आरंभी कोणाला खरे वाटत नाही. विशीत ओढलेल्या धुराचे नावे पडलेले आकडे पन्नाशीत समोर येतात. मोडलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहत नाहीत. ओढणे थांबवले तर ऱ्हासाचा वेग मात्र मंदावतो, आणि हे कोणत्याही वयात खरे आहे.

न पचणारी धूळ

काही कण असे असतात, की पहारेकऱ्याने गिळले तरी ते त्याला पचत नाहीत. फोडलेल्या दगडातील सिलिका हे त्याचे सर्वांत क्रूर उदाहरण. खाणीत, खडी-यंत्रावर, दगडाची घडाई व घासाई होते तेथे, काच व सिरॅमिकच्या कच्च्या मालाच्या दळणात ही धूळ निर्माण होते. महाभक्षक पेशी सिलिकाचा कण गिळते. तो आतल्या पाचक रसाची पिशवी फाडतो आणि पेशी मरते. कण जसाच्या तसा बाहेर पडतो, दुसरी पेशी तो गिळते आणि तीही मरते. मरता मरता या पेशी दाहाचे संदेश सोडतात. पेशीच्या आतील ज्या यंत्रणेतून हे संदेश निघतात, तिचा उलगडा २००८ साली झाला. वर्षानुवर्षे चाललेल्या या दाहामुळे फुप्फुसात कठीण गाठी व व्रणतंतू तयार होतात. याला सिलिकोसिस म्हणतात. एकदा तो जडला की बरा करणारे औषध नाही, आणि त्यात क्षयाचा धोका अनेक पटींनी वाढतो.

कापसाची गोष्ट निराळी. खानदेश, विदर्भ व मराठवाडा या भागांत कापसाच्या व्यापारावर उभी राहिलेली कुटुंबे अनेक आहेत. सूतगिरणीत कापूस मोकळा करून पिंजण्याच्या खात्यात काम करणाऱ्यांना साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते आणि आठवडा सरता सरता ती मोकळी होते, हे लक्षण शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. इंग्रज डॉक्टर रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांत या आजाराचा, म्हणजे बिसिनोसिसचा, पद्धतशीर अभ्यास केला. मुंबई-अहमदाबादच्या गिरणीकामगारांतही तो आढळला. यामागे प्रामुख्याने कापसाच्या तंतूंपेक्षा बोंडाच्या कचऱ्यावर वाढलेल्या जिवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन हे द्रव्य असल्याचे मानले जाते. ते महाभक्षक पेशीला जिवाणू आल्याचा भास करून देते, ती घंटा वाजवते आणि न्यूट्रोफिल धावून येतात. रोजच्या संपर्काने पेशी काहीशा निबर होतात आणि सुट्टीनंतर पुन्हा जाग्या होतात, म्हणून तो पहिलाच दिवस जड जातो. अशी वर्षे लोटली की श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात.

धान्याच्या धुळीतही हेच एंडोटॉक्सिन, बुरशीची बीजे आणि किडींचे अवशेष असतात. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी सन १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्या लोकांच्या खोकल्याची आणि धापेची नोंद आहे. तीनशे वर्षांत मापे बदलली, पोत्यांचे वजन बदलले, पण मापाड्याच्या नाकासमोरची धूळ तीच राहिली.

फसलेला पहारेकरी

ज्या १८८२ साली मेचनिकॉव्हने काटा खुपसला, त्याच वर्षी २४ मार्चला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. या दोन शोधांची गाठ फुप्फुसातच पडते. क्षयाचा जंतू वायुकोशात आला की महाभक्षक पेशी त्याला नेहमीप्रमाणे गिळते. परंतु तो तिच्या आत राहूनच पाचक रसाची पिशवी आपल्या कोठडीला जोडू देत नाही, आणि पहारेकऱ्याच्याच घरात बिऱ्हाड थाटतो. मग इतर पेशी भोवती जमून त्याला तटबंदी घालतात. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात कधीतरी हा जंतू शिरलेला आहे, पण त्यांतील शेकडा पाच ते दहा जणांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष क्षय होतो. उरलेल्यांत ही तटबंदी मुकाट्याने टिकते. कुपोषण, मधुमेह, धूम्रपान आणि सिलिकाची धूळ या गोष्टी तिला भगदाड पाडतात.

२०२० चा धडा

संयम सुटला म्हणजे काय होते, हे कोविडच्या साथीत घरोघरी पाहावे लागले. पुष्कळ रुग्णांत पहिल्या आठवड्यानंतर विषाणू ओसरू लागला असतानाच प्रकृती ढासळली, कारण तोवर शरीराच्या स्वतःच्या पेशींनी फुप्फुसात दाह माजवला होता. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. डेक्सामेथासोन या जुन्या व अत्यंत स्वस्त स्टिरॉइडने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्यांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. हे औषध विषाणूला मारत नाही. ते पेटलेल्या प्रतिकाराला शांत करते. ज्या काळात लोक प्रतिकारशक्ती वाढवण्याचे उपाय शोधत होते, त्याच काळात अत्यवस्थ रुग्णांचे प्राण ती आवरण्याने वाचत होते.

त्याच चाचणीचा दुसरा निष्कर्ष तितकाच मोलाचा होता: ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना या औषधाचा लाभ झाला नाही. तो दुर्लक्षिला गेला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अनेक ठिकाणी स्टिरॉइड लवकर, जास्त मात्रेत आणि रक्तातील साखर न पाहता दिले गेले. वाढलेली साखर आणि स्टिरॉइड या दोहोंमुळे भक्षकपेशी मंदावल्या, आणि एरवी श्वासाबरोबर येऊन मुकाट गिळली जाणारी बुरशीची बीजे नाकाच्या पोकळीत रुजली. त्या वर्षी जूनअखेर देशात म्युकरमायकोसिसच्या ४० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. गुजरात व महाराष्ट्र त्यांत आघाडीवर होते. कित्येकांचा डोळा वा जबडा काढावा लागला. पहारेकऱ्याचा अतिरेक जितका घातक, तितकीच त्याला आलेली गुंगीही.

व्यवहारातील हिशेब

या साऱ्यातून रोजच्या वागणुकीसाठी जे निघते ते साधे आहे. महाभक्षक पेशीला टॉनिकाची गरज नाही. तिच्या माथी मारले जाणारे काम कमी करणे, एवढीच तिची अपेक्षा आहे. धूम्रपान घरात व पेढीवर पूर्णतः बंद असावे. मधुमेह असेल तर साखर नियंत्रणात हवी, कारण ती वाढली की भक्षकपेशींची चपळाई घटते. वयस्कर मंडळींनी, तसेच दमा, मधुमेह व हृदयविकार असणाऱ्यांनी फ्लूच्या वार्षिक लसीबाबत आणि न्यूमोकॉकसच्या लसीबाबत आपल्या डॉक्टरांशी बोलावे. स्टिरॉइड हे प्राणरक्षक औषध आहे, म्हणूनच ते चिठ्ठीशिवाय घेऊ नये आणि सांगितलेले मध्येच सोडूही नये. दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याला ‘धुळीचा खोकला’ म्हणून सोडून न देता थुंकीची तपासणी व छातीचे चित्र काढून घ्यावे.

गोदामासाठीही काही गोष्टी अवघड नाहीत. माल उतरवण्याच्या वेळी समोरासमोरची दारे उघडी ठेवणे, हवा बाहेर फेकणारा पंखा बसवणे, झाडण्याआधी मालापासून दूरच्या जमिनीवर पाणी शिंपडणे किंवा धूळ ओढणारे यंत्र वापरणे, आणि धुळीच्या कामासाठी एन-९५ मुखपट्टी पुरवणे. नाकाला बांधलेला रुमाल मोठी धूळ अडवतो. वायुकोशापर्यंत जाणारे सूक्ष्म कण त्यातून बहुतांशी निसटतात.

येथे एका गोष्टीचा विचार प्रत्येक व्यापारी कुटुंबाने करावयास हवा. गादीवर बसणाऱ्याच्या छातीत जी धूळ जाते, तिच्या कितीतरी पट धूळ पाठीवर पोते घेणाऱ्या हमालाच्या आणि तोंडाशी मापे धरणाऱ्या मापाड्याच्या छातीत जाते. श्रमाच्या कामात श्वास जलद होतो, तोंडानेही घेतला जातो, आणि नाकाची पहिली चाळणी चुकते. त्याच्या फुप्फुसातला पहारेकरीही तसाच इमानी असतो आणि तोही तक्रार न करता गिळत राहतो. त्याच्या मौनामुळेच वाटते की सारे ठीक आहे. त्याचा संयम केव्हा संपला हे कळते, तोवर तो माणूस पंचेचाळिशीत दोन पोत्यांमागे एकदा भिंतीला टेकू लागलेला असतो, आणि लोक म्हणतात की आता त्याच्याने काम होत नाही.

पेढीच्या वार्षिक ताळेबंदात घसारा मांडला जातो. गाडीचा, यंत्राचा, फर्निचरचा घसारा न चुकता धरला जातो. माणसाच्या फुप्फुसाच्या घसाऱ्याला तेथे रकाना नसतो. पंख्याचा आणि मुखपट्ट्यांचा खर्च मात्र नावे टाकता येतो, आणि तो त्याच्या मोबदल्यात फार थोडा आहे. पुढच्या वेळी पत्र्याच्या फटीतून तिरीप आत आली, की तिच्यात तरंगणाऱ्या कणांकडे घटकाभर पाहावे आणि त्याच आठवड्यात पंखा बसवणाऱ्याला बोलावून घ्यावे.